तिची एक पद्धत आहे

आपल्याकडे खासगी मोटारीची पहिली सरकारी तपासणी ती पंधरा वर्षांची झाल्यावर होते. माणसाची पोरं त्या वयात दहावीला बसतात. पण त्यांच्या घटक चाचण्या, सहामाही, तोंडी आणि बाईंच्या तक्रारी असं बरंच काही आधी होऊन गेलेलं असतं. गाडीचं थेट बोर्ड. शोरूममधून हार घालून निघाली, पेढे वाटले, चाकाखाली लिंबू फुटलं, की पुढची पंधरा वर्षं 'बाई, तुला काही होतंय का?' असं तिला सरकारातलं कुणी विचारत नाही. पीयूसीवाला अधूनमधून मागून एक नळी घालतो, तेवढंच.

आमची गाडी 2010 च्या दसऱ्याची. विम्याचं नूतनीकरण करताना एजंटानं आरसीच्या कार्डावर बोट ठेवलं. "सर, आरसीची मुदत संपतेय. पासिंग करून घ्या. गाडी आरटीओला न्यावी लागेल."

"नेऊ की," मी म्हणालो. आमची गाडी ठणठणीत आहे, याविषयी घरात दुमत नव्हतं. एरवी आमच्या घरात चहात साखर किती, यावरही दुमत असतं.

लेस्टरला असलेल्या भाच्याला हे फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. "मामा, पंधरा? इथे तीन वर्षं झाली की एमओटी. मग दर वर्षी." ब्रिटनमध्ये ही भानगड 1960 साली सुरू झाली, तेव्हा फक्त दहा वर्षांवरच्या गाड्या तपासत. त्यात इतक्या गाड्या नापास झाल्या, की पुढच्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी वयाची अट सातवर आणली आणि 1967 मध्ये तीनवर. हे मला फार चमत्कारिक वाटलं. इतके नापास झाले म्हटल्यावर आपल्याकडे परीक्षाच रद्द करून सगळ्यांना वर ढकललं असतं.

"माझी पहिल्याच वेळी नापास झाली," भाचा म्हणाला.

"अरे बापरे. काय, इंजिन गेलं का?"

"नाही. नंबरप्लेटवरचा दिवा गेला होता. आणि काच धुवायचं पाणी येत नव्हतं."

मला वाटलं, फोनची लाइन खराब आहे. नंबरप्लेटवर दिवा असतो हीच मला बातमी होती. आणि काच धुवायचं पाणी? आमच्याकडे त्यासाठी बिसलरीची बाटली असते. सिग्नलला थांबलो की काच खाली करायची, हात बाहेर काढून पाणी फेकायचं आणि वायपर मारायचा. शेजारच्या स्कूटरवाल्याची काचही आपसूक धुतली जाते.

"शिवाय आरशाला लटकवलेला गणपती काढायला लावला. समोरचं नीट दिसायला हवं म्हणे," भाचा म्हणाला. "आणि मामा, इथे गाडीचा नंबर टाकला की ती कधी, कशात नापास झाली ते कुणालाही नेटवर बघता येतं."

"कुणालाही?"

"कुणालाही."

"मग गाडी विकताना माणसानं बोलायचं काय?"

"खरं बोलायचं."

इंग्लंडात मराठी माणसाला दिवस काढणं सोपं नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

आता आमच्या गाडीविषयी. तिच्यात दोष असे नाहीत. तिची एक पद्धत आहे. नवीन कुणी बसणार असेल तर आम्ही ती आधी समजावून सांगतो. मागचं डावं दार बाहेरून उघडत नाही. त्यामुळे एकानं उजवीकडून बसायचं, सरकत पलीकडे जायचं आणि आतून कडी ओढून बाकीच्यांना घ्यायचं. पाहुण्यांत वयानं जो सगळ्यात लहान असेल, त्याच्याकडे हे काम. पुढचं डावं दार लावताना थोडं वर उचलायचं आणि मग जोरात आपटायचं. हळू लावलं तर ते लागलंय असं वाटतं, आणि पहिल्या वळणावर तसं नव्हतं हे कळतं. ड्रायव्हरच्या बाजूची काच बटणानं वर येते, पण तिला दोन्ही तळव्यांनी धरून आधार द्यावा लागतो, म्हणजे बटण दाबायला तिसरा हात लागतो. तो हात बायकोचा.

वायपरची पहिली गती अर्ध्यावर थांबते, म्हणून आम्ही थेट दुसरी लावतो. भुरभुर पावसातही आमची गाडी वादळात सापडलेली दिसते. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असतो, त्यामुळे आमच्या घरी पैशांची चणचण असली तरी पेट्रोलची कधी भासत नाही. हॉर्न स्टिअरिंग किंचित डावीकडे असतानाच वाजतो. सरळ रस्त्यावर मी हॉर्न देत नाही, त्यामुळे आमच्या कॉलनीत 'शांत स्वभावाचा ड्रायव्हर' असा माझा लौकिक आहे. फक्त मी डावीकडे वळतो तेव्हा का चिडतो, ते लोकांना कळत नाही.

आणि हँडब्रेक. तो कानापर्यंत ओढता येतो, पण त्याचा गाडीच्या थांबण्याशी थेट संबंध उरलेला नाही. म्हणून मागच्या सीटखाली एक दगड असतो. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं पाचरीगत निमुळता. चढावर गाडी थांबली की माझा मुलगा उतरतो आणि चाकामागे दगड ठेवतो. तो सातवीत होता तेव्हापासून त्याच्याकडे हे खातं आहे. आता इंजिनिअरिंगला आहे. दगड तोच.

तर अशी गाडी दाखवायची, यात भिण्यासारखं काय होतं?

मी ठरवलं, एजंट लावायचा नाही. हे मराठी माणूस आयुष्यात एकदा ठरवतो. सगळं ऑनलाइन झालंय, असं पेपरात येतच असतं. फॉर्म 25 भरायचा, फी भरायची, तारीख घ्यायची. फी पाहून मी चष्मा पुसला. 2022 च्या 1 एप्रिलपर्यंत या कामाला 600 रुपये पडत, त्या दिवसापासून 5000. आमच्या एका मित्राची गाडी नेमकी त्या मार्चमध्ये पंधरा वर्षांची झाली होती. तो अजूनही 4400 रुपये कमावल्याच्या थाटात वावरतो. त्यावर पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली तर महिन्याला 500 रुपये दंड वेगळा. मी मुकाट्यानं बटण दाबलं. 'आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.'

मोबाइल शांत. पुन्हा दाबलं. मोबाइल शांत. मग लक्षात आलं, की पडद्यावर शेवटचे जे चार आकडे दिसत होते ते माझ्या नंबरचे नव्हतेच. 2010 मध्ये शोरूमच्या पोरानं फॉर्म भरताना स्वतःचाच नंबर टाकला होता. जुन्या पावतीवर तो सापडला. फोन लावला.

"हां, बोला साहेब. ओटीपी का? आत्ता आला. थांबा, सांगतो." पलीकडे सनई वाजत होती. "तुम्ही कितवे? अहो, त्या वर्षी दिलेल्या सगळ्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या होतायत ना. दिवसभर तेच चालू आहे. मी आता मंगल कार्यालय चालवतो. घरात कुणाचं लग्नाचं आहे का?"

पुढचा अडसर नंबरप्लेटचा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना ती नवी, पुसली न जाणारी, उच्च सुरक्षा वगैरे प्लेट लावून घ्या, असं सरकारनं सांगितलं होतं. मुदत 31 मार्च 2025. मी धावपळ केली नाही, कारण सरकारी मुदत ही पहिल्यांदा संपते तेव्हा संपत नसते, याचा मला अनुभव आहे. तशी ती वाढली. एप्रिलअखेर झाली, जूनअखेर झाली, स्वातंत्र्यदिन झाला, नोव्हेंबर उजाडला. ज्यांनी पहिल्याच मुदतीत प्लेट बसवली, ते आमच्या कॉलनीत तोंड लपवून फिरत होते. 745 रुपये अधिक जीएसटी ही रक्कम त्यांनी उगाच लवकर भरली, अशी एकूण भावना होती. पण आता तपासणीसाठी ती हवीच म्हटल्यावर मलाही बसवावी लागली, आणि त्यासाठी जुनी प्लेट काढावी लागली. तिच्यावर नंबराखाली बारीक अक्षरांत 'आईची पुण्याई' होतं. आई बाल्कनीतून पाहत होती. ती काही बोलली नाही. संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं.

मग ई-चलान. थकलेली चलानं भरल्याशिवाय पुढे सरकता येत नव्हतं. आणि चलान नुसतं येत नाही, फोटोसकट येतं. ठिकाण, तारीख, वेळ. झेब्रा पट्ट्यावर पुढची चाकं टेकवून उभी असलेली आमची गाडी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, एका प्रसिद्ध मिसळवाल्यासमोरचा चौक.

"त्या दिवशी तुझी ऑडिटची मीटिंग होती ना?" बायको म्हणाली.

"मीटिंग तिथेच होती."

"आणि शेजारच्या सीटवर हा माझा भाऊ आहे, तो ऑडिटर कधी झाला?"

दंड 500 रुपये. पण तो फक्त सरकारचा.

या सगळ्यात ज्याला मी कस्पटासमान लेखलं होतं ते काम सगळ्यात जड गेलं. चेसी नंबरचा ठसा. गाडीच्या पत्र्यावर कोरलेला तो सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर कागदावर पेन्सिलीनं घासून उमटवायचा असतो. लहानपणी रुपयाच्या नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसंच, असं मला वाटलं होतं. पण नाणं कुठे आहे ते माहीत असायचं. बॉनेट उघडून आम्ही तिघं आत वाकलो. आत पंधरा वर्षांचं तेल, धूळ, वडाची वाळकी पानं, आणि आईचा मागच्या वर्षी हरवलेला चमचा होता. (तो तिथे कसा गेला, यावर स्वतंत्र लेख होईल.) रॉकेल आता मिळत नाही, म्हणून चिंधीला पेट्रोल लावून मी इंजिनामागचा पत्रा घासायला बसलो. आधी काळं निघालं, मग तपकिरी, मग गाडीचा मूळ रंग निघाला. तो आम्ही सगळे विसरलो होतो. मग एक एम दिसला. बायकोनं टाळ्या वाजवल्या.

नंबर उमटला, पण अकरावं अक्षर आठ आहे की बी, यावर एकमत होईना. मी म्हणत होतो आठ. मुलगा म्हणत होता बी. बायकोनं मोबाइलचा टॉर्च मारून तीन दिसतोय असं जाहीर केलं. आरसीवर पाहिलं तर तिथे आठ. "मग आठच असेल," मी म्हणालो. "आरसीवरून ठरवायचं तर घासलं कशाला?" मुलगा म्हणाला. इंजिनिअरिंगची फी वाया जात नाहीये, एवढंच समाधान.

गाडी न्यायच्या आदल्या दिवशी मेकॅनिककडे गेलो. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "साहेब, किती करायचं? कायमचं करायचं, का पासिंगपुरतं?"

'पासिंगपुरतं' हा आपल्या मोटार-दुरुस्तीतला स्वतंत्र विभाग आहे. त्यात दिवा लागतो, पण दुपारपर्यंत. टायर चांगले असतात, पण संध्याकाळी परत द्यायचे असतात. "चार टायर लावून देतो," तो म्हणाला. "पासिंग झालं की आणून द्या, मागे एक टेम्पो थांबलाय." मी बाणेदारपणे नाही म्हटलं. अशा फसवणुकीला माझा तत्त्वतः विरोध आहे, आणि शिवाय त्यानं भाडं फार सांगितलं.

"पण तुमचे टायर संपलेत." त्यानं टायरच्या खाचेत नख घातलं. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, की खाच 1.6 मिलिमीटर उरली आणि टायरचा अवतार संपला. "हे बघा, बरोबरीला आलेत."

"आलेत ना? खाली नाही ना गेले?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पाना ठेवून चहा प्यायला गेला.

घरी येऊन मी एकट्यानं जमेल ते केलं. हेडलाइटच्या काचा पिवळट झाल्या होत्या. टूथपेस्टनं घासलं की चकचकीत होतात, असं व्हॉट्सॲपवर आलं होतं. रात्री अंगणात बसून मी दोन्ही बाजू घासल्या. गोल गोल, हिरड्यांना न दुखावता. सकाळी काचा होत्या तशाच पिवळ्या होत्या, पण ताज्यातवान्या वाटत होत्या.

तपासणीचं मैदान गावाबाहेर. तिथे ट्रक, टेम्पो, स्कूलबस आणि रिक्षांची रांग. या मंडळींना हे नवं नाही; व्यावसायिक गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दर वर्षी फिटनेस करावा लागतो. त्यामुळे ते घरच्या ओसरीवर बसल्यागत बसले होते. खासगी गाडीवाले तेवढे आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन उभे. कुंपणाबाहेर एक भंगारवाला मोटारसायकलवर बसून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे प्रेमानं पाहत होता.

"पहिल्यांदाच का?" शेजारच्या रांगेतल्या रिक्षावाल्या मामांनी विचारलं.

"हो."

"एक सांगू? सायबाला कशाला हात लावू देऊ नका. तुम्हीच दार उघडा, तुम्हीच हॉर्न मारा, तुम्हीच वायपर लावा. आपली गाडी आपल्या हाताला असते."

मला गहिवरून आलं. पद्धतीची जाण असलेला माणूस भेटला होता.

आमच्या पुढे एक पंधरा वर्षांची दांडगी एसयूव्ही होती. काचांना काळी फिल्म, पुढे लोखंडी गार्ड. गार्डवर 2017 पासून बंदी आहे आणि फिल्मवर तर सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच घातली, पण ही बातमी तिच्या मालकांपर्यंत पोचली नसावी. काचा फारच काळ्या होत्या. निरीक्षक तरुण होते, हातात टॅब. ते नंबरप्लेटपाशी थांबले.

"हा नंबर वाचा."

"दादा," मालक म्हणाले.

"नंबर विचारतोय."

"चार एक चार एक. पण दादाच म्हणतात."

"पुढच्या वेळी चार एक चार एक म्हणतील अशी प्लेट लावून आणा. आणि फिल्म काढा. गार्ड काढा." दादांनी आधी फोन काढला, कुणाला तरी लावला, तो उचलला गेला नाही, मग ते वाकून नखानं फिल्म सोलू लागले. त्यांच्या गळ्यातली साखळी दर ओढीला काचेवर वाजत होती.

मग आमचा नंबर. मी दारापाशी पवित्रा घेऊन उभा होतो. निरीक्षक विरुद्ध बाजूनं आले आणि त्यांनी थेट मागच्या डाव्या दाराला हात घातला.

"लॉक आहे का?"

"नाही सर. ते आतून उघडतं."

"मग उघडा."

मी उजवीकडून शिरलो, सरकलो, आतून उघडलं आणि त्यांच्यासमोर डोकं बाहेर काढलं. "या ना, सर."

ते काही बोलले नाहीत. टॅबवर एकदा टिचकी मारली. मग मामांच्या सल्ल्याला न जुमानता स्वतःच ड्रायव्हरच्या सीटवर बसले. हॉर्न दाबला. शांतता. पुन्हा दाबला.

"सर, स्टिअरिंग जरा डावीकडे. नाही नाही, इतकं नाही. अर्धा इंच उजवीकडे या. हां, आता."

हॉर्न इतका अचानक वाजला, की दादा बंपरवर आपटले.

"समोर माणूस आला तर तुम्ही काय करता?" निरीक्षकांनी विचारलं.

"डावीकडे वळतो."

त्यांनी वायपर लावला. तो अर्ध्यावर उभा राहिला. "दुसरीवर टाका, सर." दुसरीवर टाकल्यावर कोरड्या काचेवर जो आवाज झाला, त्यानं झाडावरचे कावळे उडाले. इंडिकेटर उजवा बरा चालला. डावा लावल्यावर बायकोनं सवयीनं खिडकीतून हात बाहेर काढला. हेडलाइटपाशी ते वाकले, आणि सरळ झाले, आणि पुन्हा वाकले.

"हा वास कसला?"

"पुदिना, सर."

शेवटी ते आत बसले, गाडी मैदानाच्या कडेच्या उतारावर नेली, हँडब्रेक ओढला (तो बराच वेळ येत राहिला) आणि उतरून बाजूला उभे राहिले. गाडीनं एक क्षण विचार केला. मग ती हळूच, कुणाला न दुखावता, मागे निघाली. कुणी काही बोलायच्या आत आमच्या चिरंजीवांनी मागचं उजवं दार उघडलं, सीटखालचा दगड काढला, दोन ढांगांत चाक गाठलं आणि सपाट बाजू खाली करून तो असा अचूक सरकवला, की गाडी जागच्या जागी थांबली. रिक्षांच्या रांगेतून टाळ्या पडल्या. मामांनी शिट्टी वाजवली. माझा ऊर भरून आला होता.

"हे काय आहे?" निरीक्षक म्हणाले.

"दगड, सर."

"तो दिसतोय मला."

मग टॅबवर टिचक्यांचा पाऊस पडला. चारही टायर. हँडब्रेक. हॉर्न. वायपर. डावा इंडिकेटर. हेडलाइटचा प्रकाश. ब्रेकचा एक दिवा. मागचं दार. दिसायला हे भयंकर वाटतं, पण यात जगावेगळं काही नाही. जगभर गाड्या दिवे, ब्रेक, टायर आणि वायपर यांवरच नापास होतात. इंजिनातल्या गूढ बिघाडांपर्यंत जायची वेळच येत नाही. लेस्टरच्या भाच्यानंही नंतर हेच सांगितलं. चाळीस रुपयांच्या बल्बवर माणूस सहा महिने विचार करतो, तिकडेही. आम्ही फक्त सगळे विषय एकाच बैठकीत काढले.

"हे सगळं दुरुस्त करून पुन्हा आणा."

"सर, एक विचारू? पास व्हायला यातलं किती लागतं? म्हणजे पस्तीस टक्के वगैरे..."

"सगळं."

परतताना बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढ्या गोष्टी बिघडल्या कधी?" मी म्हणालो, बिघडल्या नाहीत. त्या माणसाला सवय नव्हती, म्हणून त्याला तसं वाटलं. तिला ते पटलं असावं, कारण डावीकडे वळताना तिनं पुन्हा हात बाहेर काढला.

दुसऱ्या खेपेचं फारसं सांगण्यासारखं नाही. मेकॅनिकनं 'कायमचं' विभागात गाडी घेतली आणि बिल असं दिलं, की त्यात जुनी एखादी गाडी आली असती. नवे टायर, नव्या केबली, नवा वायपर, हेडलाइट आख्खे बदलले. निरीक्षकांनी सगळं पाहिलं, हँडब्रेक ओढला, उतरले. गाडी उभी. त्यांनी माझ्या मुलाकडे पाहिलं. तो दगड घेऊन तयारीत होताच. त्यांनी त्याला हातानंच 'राहू दे' अशी खूण केली. पुढची पाच वर्षं गाडी रस्त्यावर आणायची परवानगी मिळाली. कुंपणाबाहेरच्या भंगारवाल्यानं निरोपाचा हात केला. त्यात निराशा नव्हती. पाच वर्षं थांबायची त्याची तयारी दिसली.

खरा गोंधळ त्यानंतर झाला. आता गाडी चालवायलाच कुणाला येईना. हॉर्न सरळ रस्त्यावरही वाजतो, हे माझ्या अंगठ्याला ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात मी विनाकारण इतक्या लोकांवर ओरडलो, की शांत स्वभावाचा माझा लौकिक धुळीला मिळाला. पुढचं डावं दार आता बोटानं लागतं. आईनं ते नेहमीप्रमाणे उचलून आपटलं, तर गॅरेजशेजारच्या तिन्ही गाड्यांचे अलार्म वाजले. मेव्हणा जुन्या सवयीनं उजवीकडून शिरला आणि सरकत सरकत आधीच डावीकडून बसलेल्या माझ्या सासूबाईंच्या मांडीवर जाऊन बसला. पेट्रोलचा काटाही मेकॅनिकनं न विचारता दुरुस्त केला होता. तो आता खरं दाखवतो आणि त्यामुळे घरात सतत काळजीचं वातावरण असतं. मुलाला तर करण्यासारखं काही उरलंच नाही. चढावर गाडी थांबली की तो उतरतो, चाकाकडे बघतो आणि परत येऊन बसतो.

मात्र कॉलनीत माझा भाव वधारला. 2010-11 साली आमच्या कॉलनीत बऱ्याच गाड्या आल्या होत्या, त्यामुळे आता एकेकाची पाळी येतेय. संध्याकाळी मंडळी कागद घेऊन येतात. मी त्यांना फॉर्म 25 सांगतो, मंगल कार्यालयवाल्याचा नंबर देतो, टायरच्या खाचेत नख घालून दाखवतो. एजंट लावू नका म्हणतो. काहींनी मला 'किती घेता?' असं विचारलंय.

परवा शेजारचे नाना आले. सगळं नीट ऐकून घेतलं. पाच हजार, पर्यावरण कर, टायर, केबली, प्रत्येक आकड्याला मान डोलावली. चहा संपवला. कपबशी ठेवली.

"एवढं करण्यापेक्षा मी काय म्हणतो, विकूनच टाकतो. अजून सात महिने आहेत मुदतीला." मग आवाज खाली आणून, "तुमच्या मुलाला कॉलेजला जायला हवीच असेल ना एखादी? एकच मालक. शिक्षकाची गाडी. एक ओरखडा नाही."

"चालते कशी?"

"चालते कशी म्हणजे? अहो, लोणी! फक्त स्टार्ट करताना एसी बंद ठेवायचा, आणि मागच्या सीटवर डाव्या बाजूला कुणी बसलेलं नको."